दुहेरी पदर

आई,

परवा रविवारी तुझा नातू आणि त्याचे दोन शाळासोबती इथं ग्वाल्हेरला, आमच्या थाटीपुरच्या घराच्या गच्चीवर ऊन खात बसले होते. तिघंही साठीला टेकलेले. एकाच्या डोक्यावर केस उरलेला नाही, दुसऱ्याच्या गुडघ्याला पट्टा. मी तिळाच्या गजकाची बशी घेऊन वर गेले तर तिघं तावातावानं भांडत होते. कशावरून, तर तरुणपणी ज्या विलायती गिटारवाल्यांच्या कॅसेटा त्यांनी झिजवल्या, त्यांतला तो लांब केसांचा गाणारा शेवटच्या मैफिलीला काळं जाकीट घालून आला होता की लाल. तिघांपैकी एकानंही त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. कॅसेटच्या डबीवरचा एवढासा फोटो, तेवढीच काय ती ओळख. टकलू म्हणाला, "लाल था यार, लिखवा ले मुझसे," आणि हवेतच गिटार छेडून दाखवू लागला. तुझा नातू डोळे मिटून मान हलवत होता. मला हसू यायला हवं होतं, पण मी बशी कठड्यावर ठेवून खाली आले. त्या भांडणाचा सूर माझ्या ओळखीचा होता. लष्कर भागातल्या आपल्या दाना ओलीच्या घरात, स्वयंपाकघरात तो मी रोज दुपारी ऐकलेला आहे.

तू गेलीस तेव्हा तुझं जे वय होतं ते मी केव्हाच ओलांडलं. आता तुझ्यापुढे तोंड उघडायला हरकत नसावी. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. विसरले म्हणून राहिली असं नाही. मी एका माणसाला शब्द दिला होता, आणि तो माणूस म्हणजे तुमची 'आपली बाई'. तुझ्या दुहेरी पदराची ती गोष्ट आहे. तुझ्या हयातीत ती कितीदा तरी माझ्या ओठांवर आली आणि दर वेळी मी ती गिळली.

जेवणं उरकून पुरुष माणसं कचेरीत गेली की समोरच्या मावशी सूप घेऊन यायच्या आणि मागच्या बोळातल्या काकू लसणाची टोपली घेऊन. मावशींचे यजमान बाबांसारखेच कचेरीतले. काकूंचे दरबारच्या फौजेत होते. राज्य विलीन झालं, फौज मोडली, तेव्हापासून ते घरी बसून मिशांना पीळ देत असत, आणि काकूंना दुपारी घराबाहेर पडायला काही तरी निमित्त लागायचंच. एरवी मावशी काकूंच्या घरचं पाणी पीत नसत. पण आपल्या बाईचा विषय निघाला की दोघी एकाच पाटावर सरकून बसायच्या. तुमच्या तरुणपणी दर हिवाळ्यात दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्राकडून, संगीत नाटकाची मंडळी लष्करला येत, दरबारचे पाहुणे म्हणून महिनाभर राहत, आणि त्यांच्यात नायिकेचं काम करणारा एक नट होता. पुरुष. त्यांचं नाव तुम्ही तिघींनी कधी घेतलं नाहीत. तुमच्यासाठी ती 'आपली बाई' होती. "दुसऱ्या अंकात बाईचा शालू अंजिरी होता," मावशी म्हणायच्या. "बिल्कुल नाही, डाळिंबी," काकू. "अगं, मी पुढे बसले होते." "पुढे बसून काय, चिकाच्या पडद्यातून रंग दिसतात का कधी?" मग तू तांदळातून हात न काढता निकाल द्यायचीस, "अंजिरीच. काठ डाळिंबी." आणि दोघी पुन्हा आपापल्या सूप-टोपलीकडे वळायच्या. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून अभ्यासाचं सोंग करत असे आणि मला राग यायचा. पोटची पोर समोर बसली आहे, तिचं गणित चुकतंय की काय हे बघायला तुला वेळ नाही, आणि रंग फासलेल्या एका पुरुषाच्या काठापदराचा हिशेब मात्र तोंडपाठ.

माझं चुकत होतं असं आज म्हणवत नाही, पण तुला त्या बाईचं काय होतं ते मला हळूहळू कळलं. तू साताऱ्याकडून लग्न होऊन इथं आलीस तेव्हा पंधरा वर्षांची होतीस. हिंदीचा गंध नाही, पाणी जड, थंडी अशी की सकाळी हंड्याला हात लागत नाही, आणि घरात दिवसभर कुणी ना कुणी तुला काही ना काही ऐकवायचंच. त्या हिवाळ्यात आजोबांना दरबाराकडून नाटकाचे पास आले आणि सासूबाईंनी सुनांनाही नेलं. बायकांची जागा वर, बाजूच्या सज्ज्यात, बांबूच्या चिकामागे. तिसऱ्या अंकात नायिकेवर आळ येतो, सासरचे सगळे जमतात आणि तिला दार दाखवतात. तू हा प्रवेश सांगायला लागलीस की आवाज खाली यायचा. "रडली नाही. हात जोडले नाहीत. काही बोललीच नाही. पदर पाठीवरून फिरवून पुढे आणला, पुन्हा खांद्यावर टाकला, आणि उभी राहिली. सगळ्या थेटरात चूप. मग त्या बाकीच्यांनाच खाली बघावं लागलं." त्या रात्रीनंतर तू तसाच पदर घ्यायला लागलीस. नऊवारीच्या निऱ्या कमी करायच्या, म्हणजे पदराला लांबी उरते. मग तो डाव्या खांद्यावरून पाठीमागे, उजव्या काखेखालून पुढे, आणि टोक परत डाव्या खांद्यावर. अंगाभोवती एक पुरा वेढा. निऱ्या विरळ दिसतात म्हणून सुरुवातीला तुला नावं ठेवली गेली. पण पुढे मावशी तशा नेसायला लागल्या, मग काकू, मग आळीतल्या कितीतरी जणी. कुणी विचारलं की तू म्हणायचीस, "माझं काय त्यात. आपल्या बाईचं आहे ते."

माझ्या पाठचा भाऊ तापात गेला तेव्हा मी लहान होते, पण एक आठवतं. घर माणसांनी भरलं आहे, बायका तुला रडायला सांगताहेत, रडली नाही तर छातीत धरेल म्हणून घाबरवताहेत, आणि तू मधल्या दारात तो पदर अंगाभोवती घेऊन उभी आहेस. कुणाची तुला हात लावायची छाती झाली नाही. पुढे मोठ्या काकांशी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाशी, तुझे जे काही प्रसंग झाले, माझी शाळा बंद करायची गोष्ट निघाली तेव्हाचा धरून, त्या सगळ्यांत तू शब्दानं कधी भांडली नाहीस. तू पदर घ्यायचीस आणि उभी राहायचीस. ते घर कसं टिकलं, मी कशी शिकले, याचं उत्तर मला त्या उभं राहण्यात दिसतं. आणि ते तुला कुणी शिकवलं, तर सज्ज्यातून पाहिलेल्या एका नटानं. एवढं लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

राज्याचे दिवस बदलत होते. आधी दरबार गेला आणि मध्य भारत आला; कचेरी सहा महिने इथं, सहा महिने इंदूरला, आणि बाबा ट्रंकेसारखे इकडून तिकडे. आता ते राज्यही मोडून नवं होणार होतं आणि कचेरी कायमची भोपाळला जाणार होती. आळीतली निम्मी मराठी घरं सामान बांधत होती. बाबा क्वार्टर बघायला भोपाळला गेले होते. त्याच आठवड्यात मावशी सूप न घेताच आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अगं, आपली बाई आलीय शहरात. धर्मशाळेत उतरलीय."

कोजागिरीच्या कार्यक्रमाला इथल्या मराठी मंडळानं त्यांना गायला बोलावलं होतं. कंपनी केव्हाच बुडाली होती, बोलपटांनी बुडवली. दरबारचं बोलावणंही दरबाराबरोबर गेलं होतं. कुणी बोलावलं तर येऊन चार पदं म्हणायची, एवढंच उरलेलं. ते आले आणि इथं ठरलं की त्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये भोपाळला निघालेल्या साहेब लोकांचा निरोप समारंभ करायचा. "आमच्या ह्यांनीच जाऊन सांगितलं त्यांना," मावशी म्हणाल्या, "की अबकी बार जमणार नाही, पुढच्या साली बघू. आता पुढच्या साली इथं राहणार कोण आहे? उद्या संध्याकाळच्या गाडीनं परत चालले." तू चुलीवरचं दूध उतरवलंस. मावशींकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तशी नाही जाऊ द्यायची आपण तिला." काय करायचं ते तुझं तू तिथंच ठरवलंस: दुसऱ्या दिवशी दुपारी, मावशींच्या माजघरात, फक्त बायका.

मोठ्या काकांना कळायला वेळ लागला नाही. "भाऊ भोपाळला, आणि तुम्ही नटव्याला मेहमान करणार? शहरात आपली काही इज्जत शिल्लक ठेवायची की नाही?" तू ओट्यावरून उठलीस, पदर फिरवलास, दारात उभी राहिलीस. काका थोडा वेळ बोलत राहिले आणि मग वर्तमानपत्र घेऊन आत गेले. तू मला म्हणालीस, "चल माझ्याबरोबर. एकटीनं जाणं बरं दिसत नाही." मी चौदा वर्षांची होते आणि मला कुठंही जायचं नव्हतं.

धर्मशाळेच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ बसले आहेत. धोतर, गळ्याला मफलर, गालावर दोन दिवसांची पांढरी खुंटं. बशीत चहा ओतून फुंकर घालताहेत. तू दारात थांबलेली. जन्मभर त्यांच्याबद्दल बोललीस, आणि आता तोंडातून शब्द फुटेना. मी तुला कोपरानं ढोसलं. शेवटी तेच म्हणाले, "या बाई, बसा. कुणाकडून आलात?" तू एका दमात सांगितलंस की उद्या दुपारी यावं, आळीतच आहे, आम्ही सगळ्या बायकाच आहोत. ते नम्रपणे म्हणाले, "बायकांच्यात पुरुष माणसानं येऊन काय करायचं?" आणि तू, जी घरात दिराशी बोलत नव्हतीस, तू म्हणालीस, "पुरुष माणसाला आम्ही बोलवतच नाही आहोत." त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "माझ्यापाशी आता एकही लुगडं राहिलेलं नाही." "माझी चंदेरी आहे," तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी ते दाढी घोटून आले. मावशींच्या आतल्या खोलीत त्यांना चंदेरी दिली, आरसा दिला, दार लोटलं. तू, मी आणि मावशी बाहेर पाठ करून उभ्या. किती पटकन झालं त्यांचं. हात विसरत नाहीत. "बघा बरं," म्हणून त्यांनी दार उघडलं आणि मी बघितलं तर भरगच्च निऱ्या, आणि पदर खांद्यावरून सरळ पाठीवर टाचेपर्यंत सोडलेला. मला ते फार सुंदर वाटलं होतं, आई. म्हातारा चेहरा, पण मान अशी उभी की मी बघतच राहिले. तुझा चेहरा मात्र पडला. "असं नाही," तू म्हणालीस. "आपण विसरलात. निऱ्या कमी घ्यायच्या, नाही तर पदराला पुरत नाही." ते तुझ्याकडे बघत राहिले. मग तुझ्या अंगावरच्या पदराकडे. मग मावशींच्या. त्यांनी पाठ फिरवली आणि निऱ्या सोडून विरळ करून घेतल्या. पदर मात्र त्यांना जमेना. कुठून कुठे न्यायचा तेच कळत नव्हतं, काखेखाली गुंतला. तेव्हा तू पुढे झालीस आणि तुझ्या हातानं तो त्यांच्या अंगाभोवती फिरवलास. परपुरुषाच्या. मावशी खोकल्या. तू खांद्यावर टोक बसवलंस, काठ सारखा केलास आणि मागे सरून बघितलंस. ते आरशात स्वतःला बघत होते. म्हणाले, "बरोबर. विसरलोच होतो मी."

माजघराचं दार उघडलं. आत तीसेक बायका असतील, भिंतीला टेकून, एकमेकींच्या मांडीला मांडी लावून. आणि त्या दिवशी हट्टानं सगळ्या जणी तशाच नेसून आलेल्या, म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्याही. दुहेरी पदर, विरळ निऱ्या. ते उंबऱ्यातच थबकले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी एकेकीकडे बघितलं. मला वाटलं ते आता पडतील, म्हणून मी हात पुढे केला. पण ते आत गेले, बसले नाहीत, उभ्यानंच त्यांनी पद सुरू केलं. पेटी नाही, तबला नाही. काकूंनी मांडीवर ठेका धरला. आवाज राहिलेला नव्हता. खालच्या पट्टीत कसाबसा चालायचा आणि वर जाताना विरून जायचा. जिथं तो विरला तिथं ते थांबले, आणि काकूंनी तो चढाव आपल्या रांगड्या आवाजात उचलला, मग बाकीच्यांनी. बेसूर, आई, स्पष्टच सांगते. ते मात्र डोळे मिटून ऐकत होते. निघताना तू ओटीचं ताट आणलंस. "पुरुषाची ओटी?" कुणी तरी कुजबुजलं. त्यांनी मान वाकवून कुंकू लावून घेतलं आणि त्या पदरातच तांदूळ, नारळ घेतला.

इथपर्यंत तुला सगळं ठाऊक आहे. भोपाळला, पुढे आयुष्यभर तू ही दुपार सांगत राहिलीस. पुढचं ऐक. ते कपडे बदलून निघाले. तू मला पुऱ्यांचा डबा देऊन आळीच्या तोंडापर्यंत टांग्याशी पोचवायला पाठवलंस. ते सावकाश चालत होते, कपाळावरचं कुंकू तसंच होतं. टांगेवाला कुंकवाकडे बघून हसला, त्यांचं लक्ष नव्हतं. टांग्यात बसण्याआधी त्यांनी मला विचारलं, "तुझी आई असं कधीपासून नेसते?" मी तिसऱ्या अंकाचं सांगितलं, तू सांगायचीस तसंच. आळ, दार, रडली नाही, हात जोडले नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, त्या रात्री मला हीव भरलं होतं."

मला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. ते पत्र्याच्या छपराचं थेटर, बाजूनं येणारा वारा, ग्वाल्हेरची ती थंडी, आणि त्यांच्या अंगात दुपारपासून ताप. तिसऱ्या अंकात उभं राहवेना, दात वाजायला लागले, म्हणून पदर अंगाभोवती गुंडाळून घेतला. बोलायचं भाषण होतं तिथं. दातांवर दात आपटत होते म्हणून ते बोललेच नाहीत. खेळ संपल्यावर मालकांनी झाप झाप झापलं, की शालूचा सगळा झोक घालवलास आणि भाषण खाल्लंस. "आयुष्यात तेवढं एकदाच. पुन्हा कधी तसा पदर मी घेतला नाही. मी तिथं काही करत नव्हतो पोरी, नुसता कुडकुडत होतो. तुझ्या आईनं जे बघितलं ते माझ्यापाशी नव्हतं." मग त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला. "तिला सांगू नकोस. सांगणार नाही म्हण." मी म्हटलं, सांगणार नाही. टांगेवाला म्हणाला, "चलें बाबूजी? गाड़ी छूट जाएगी." आणि ते गेले. महिन्याभरात आपणही भोपाळला गेलो.

घरी आले तर तू चंदेरीची घडी मांडीवर घेऊन बसली होतीस. "काय म्हणाली गं बाई जाताना?" तू विचारलंस. मी म्हटलं, "छान झालं म्हणाले." तू मान हलवलीस आणि चंदेरी ट्रंकेत ठेवलीस. धुतली मात्र नाहीस.

मला त्या माणसाचा किती तरी वर्षं राग होता. त्यांनी मला हे सांगायला नको होतं. भोपाळला बाबा गेले, कचेरीतले लोक हार घेऊन आले, आणि तू क्वार्टरच्या दारात तशीच उभी राहिलीस. सगळे म्हणत होते, बाई काय धीराची आहे. मी तुझ्या शेजारी उभी, आणि माझ्या डोक्यात मात्र तापानं फणफणलेला एक नट दात वाजवत होता. तुझ्याकडे नीट बघायचं माझं सुख त्यांनी हिरावून घेतलं असं मला वाटायचं. पुढे पुढे राग दुसरीकडे वळला. मला वाटायला लागलं की तू फसलीस, पण मला आधी वाटलं होतं त्याच्या उलट बाजूनं. त्यांना थंडी वाजली, एवढंच त्यांचं. निऱ्या कमी करून लांबी काढायची युक्ती तुझी, खांद्यावर टोक बसवायची रीत तुझी, आणि पंधरा वर्षांच्या परक्या मुलीनं चिकातून बघून आपल्यासाठी उभं राहणं शोधून काढलं, तेही तुझंच. ते सगळं तू जन्मभर दुसऱ्याच्या नावावर ठेवलंस. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवसांत नर्स तुझा पदर सोडवायला गेली तेव्हा तू तिला अडवलंस आणि तुझ्या त्या मोडक्या हिंदीत सांगायला लागलीस, "ये मेरा नहीं, हमारी बाई का है." पुन्हा तिसरा अंक, पुन्हा थेटरात चूप. मी खाटेशी उभी होते. मी तोंड उघडलं. तू माझ्याकडे वळून विचारलंस, "काय गं?" तुझा चेहरा इतका उजळलेला होता की मी म्हटलं, "पाणी हवंय का?" तू हो म्हणालीस. मी पाणी दिलं.

शब्द पाळला तो त्यांच्यासाठी की तुझ्यासाठी, मला ठरवता आलेलं नाही. आज लिहिते आहे ते तरी कुठं तुला पोचणार आहे. आणि पत्ता असता तरी हे मी टाकलं नसतं. तुझी बाई तुझ्यापासून काढून घेऊन मी त्या जागी काय ठेवणार होते?

पण अजून एक सांगायचं आहे, आणि खरं तर त्यासाठीच बसले. गेल्या वर्षी तुझे जावई गेले. मे महिना होता. ग्वाल्हेरचा मे तुला सांगायला नको. सकाळी दहालाच गच्चीची फरशी पोळत होती. त्यांना उचलायची वेळ झाली, व्हरांड्यात माणसं दाटली, आणि मी दारात येऊन उभी राहिले. मी ठरवलं काहीच नव्हतं, माझा हात आपोआप पदराकडे गेला. पाचवारीत तो वेढा पुरा येत नाही, आई. उजव्या काखेपर्यंत येऊन संपतो. मी टोक मुठीत गच्च धरलं. लोक आपसात म्हणत असतील, किती धीराची आहे. तेवढ्यात सून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, ठंड लग रही है क्या?" त्या उकाड्यात कुणी हसलं असतं. मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. मला नखशिखान्त हीव भरलं होतं, दातांवर दात आपटत होते, तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं. ती धावत जाऊन कांबळं घेऊन आली आणि मला पोटाशी धरून उभी राहिली.

भाऊ गेला तेव्हा, बाबा गेले तेव्हा, मी तुझ्या अगदी शेजारी होते. तुला थंडी वाजते आहे का, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.